हत्तीरोगाचं गणित: कागदावरचे ६५ टक्के आणि कधीच गोळी न घेणारे

उणेपुरे

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मंडळींना हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल नव्याने सांगायला नको. आशाताई येतात, उंची मोजतात, वयाप्रमाणे गोळ्या हातावर ठेवतात, समोर गिळायला लावतात आणि बोटावर शाई लावून पुढच्या घरी जातात. पुण्या-मुंबईकडे मात्र हा रोग म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं सुजलेल्या पायाचं चित्र. जगातल्या हत्तीरोगाच्या एकूण ओझ्यापैकी सुमारे ४० टक्के वाटा आपल्या देशाचा धरतात, हे वाचून माझेही डोळे विस्फारले होते.

मी डॉक्टर नाही, आकडेवारीवर पोट भरतो. या मोहिमेमागची गणिती मॉडेल्स सध्या वाचतोय, म्हणून हा धागा. नियम असा की गावातल्या एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी, वर्षातून एकदा, किमान पाच वर्षं गोळ्या घ्यायच्या. हे ६५ आणि हे पाच आले कुठून?

पाचाचं उत्तर कृमीच्या आयुष्यात आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाचा हा कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत घर करतो. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात सोडते. रात्री ती कातडीजवळच्या रक्तात येतात, गटारातला क्युलेक्स डास ती उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात पोचवतो. डीईसी आणि अल्बेंडाझोल या औषधांच्या जुन्या जोडगोळीने रक्तातली पिल्लं मरतात, पण मोठे कृमी सगळे मरत नाहीत. मादी साधारण चार ते सहा वर्षं पिल्लं सोडत राहते. म्हणून दरवर्षी रक्त साफ करत राहायचं आणि ती म्हातारी व्हायची वाट पाहायची. पाच वर्षांत तिची सद्दी संपते.

पासष्टाचं उत्तर इतकं सरळ नाही. तिथे मॉडेल्स येतात. यातली तीन नावं सारखी भेटतात. एपिफिल हे सरासरीवर चालणारं समीकरणांचं मॉडेल. लिम्फासिम रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाने आणि पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने मिळून उभं केलं. त्यात संगणकात एक गावच वसवतात: प्रत्येक माणूस वेगळा, त्याच्या अंगातले कृमी वेगळे, त्याला चावणारे डास वेगळे. तिसरं ट्रान्सफिल, २०१५ च्या सुमारास वॉरिक विद्यापीठातून आलेलं, तेही माणूस-माणूस वेगळा धरणारं. विशेष म्हणजे पहिली दोन्ही पुदुच्चेरीच्या आकड्यांवर बेतलेली आहेत. १९८१ पासून तिथे डास आणि रक्तनमुने इतक्या चिकाटीने मोजले गेले की जगभरचे संशोधक अजून त्याच शिदोरीवर जगतात.

आता मला खटकलेला भाग. १००० वस्तीचं गाव घ्या. दर फेरीला ६५ टक्के लोक गोळी घेतात.

पहिली शक्यता: कोण चुकतो हे नशिबावर. यंदा मी बाहेरगावी, पुढच्या वर्षी तुम्ही. पहिल्या फेरीनंतर एकदाही गोळी न घेतलेले उरतात ३५०, दुसरीनंतर साधारण १२२, मग ४३, मग १५, आणि पाचवीनंतर ५.

दुसरी शक्यता: २०० लोक ठरवून कधीच घेत नाहीत. बाकीच्या ८०० पैकी दर फेरीला ६५० घेतात. टक्केवारी तीच, ६५. पाच फेऱ्यांनंतर एकदाही गोळी न घेतलेले किती? २००.

दोन्ही गावांचा अहवाल तंतोतंत सारखा. पण दुसऱ्या गावात त्या २०० जणांच्या अंगात जे होतं ते पाच वर्षांनीही जागच्या जागी. मॉडेलवाले याला 'फेऱ्यांमधला परस्परसंबंध' म्हणून एका आकड्यात बांधतात. औषध बदला, फेऱ्या वाढवा, हा आकडा वाईट असेल तर मॉडेलमध्ये रोग हटत नाही. माझ्या मते सगळ्या गणितात सर्वांत वजनदार आकडा हाच आहे आणि नेमका हाच आपल्या तक्त्यात कुठे लिहिला जात नाही.

जाणकारांनी भर घालावी.

चकली_नंबर_वन

धागा आवडला. बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). वाचतेय.

खडूस काका

गणित छान आहे हो, पण निकाल कुठाय? २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०१५ पर्यंत हत्तीरोग संपवू. २०१७ च्या धोरणात तेच २०१७ झालं. आता २०२७ म्हणतात. जगाची मुदत २०३० आहे, आपण तीन वर्षं आधी करून दाखवणार म्हणे. मॉडेल इतकं शहाणं होतं तर तारखा का सरकल्या?

आणि नारू कसा गेला? आमच्या लहानपणी पायातून नारू काडीला गुंडाळून काढताना बघितलंय. ना गोळी, ना लस, ना संगणक. पाणी गाळून प्या आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, एवढंच. १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण, २००० साली प्रमाणपत्र. खेळ खल्लास.

उणेपुरे

काका, नारूचं उदाहरण एकदम मान्य, पण तो रोग डोळ्यांना दिसतो. ज्याच्या पायातून धागा बाहेर येतो तो लपत नाही. हत्तीरोगात ज्याच्या रक्तात पिल्लं फिरताहेत तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो, आणि ज्याचा पाय सुजलाय त्याच्या रक्तात बरेचदा पिल्लं सापडतच नाहीत. दिसतो तो पसरवत नाही, पसरवतो तो दिसत नाही. म्हणून सगळ्या गावाला गोळी.

आणि नारूचा खेळही पुरता खल्लास नाही. आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०१२ पासून तो कुत्र्यांत सापडायला लागला. तिथे आता कुत्री बांधून ठेवायची की तळ्यात औषध टाकायचं, आणि दोन्ही किती प्रमाणात, यासाठी मॉडेल्सच वापरतात.

तारखांचं म्हणाल तर मॉडेलने तारीख दिलीच नव्हती. त्याने 'अमुक इतक्यांनी खरोखर गिळली तर' असं म्हटलं होतं. 'तर' गाळून तारीख तेवढी धोरणात गेली.

वैनगंगा

मी आशांची गटप्रवर्तक आहे, गाव सांगत नाही. वर मांडलेल्या दुसऱ्या गावात आम्ही रोज फिरतो.

तक्त्यात 'वाटप' आणि 'सेवन' असे दोन रकाने असतात. पूर्वी गोळ्या घरी देऊन यायचो, 'जेवण झालं की घेते' म्हणायची बाई. पुढच्या वर्षी गेलं की देवघराच्या फळीवर तीच पुडी, चार माणसांची. आता समोर गिळायची सक्ती आहे. पण रिकाम्या पोटी द्यायची नाही, आणि सकाळी आम्ही जातो तेव्हा माणसं न्याहारीआधी शेतावर निघून गेलेली. संध्याकाळी परत जायचं तर त्याच ताईला लसीकरणाची यादीही भरायची असते.

नकार देणारी घरं पाठ असतात आम्हाला. खरंच पाठ. कुणाच्या घरी मागे गोळी घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं, ते घर पुढे कधीच घेत नाही. खरं तर ताप बहुतेक रक्तातली पिल्लं मेल्यामुळे येतो, म्हणजे ज्याला ताप आला त्यालाच गोळीची गरज होती. समजावून सांगितलं तर म्हणतात, 'मला काही झालंच नाही तर औषध कशाला?' यात गरीब-अडाणी असा काही प्रकार नाही बरं का. मास्तर, दुकानदार, पतपेढीचे मॅनेजर, हे सगळ्यांत पक्के.

अनुस्वार

अवांतर करतो, पण राहवत नाही. साथीच्या गणिताचं मुंबईशी जुनं नातं आहे. १९२७ मध्ये करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी जो निबंध लिहिला, ज्याच्यावर आजची बहुतेक साथीची मॉडेल्स उभी आहेत, त्यात समीकरण पडताळायला त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू वापरले. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक. आणि त्याला गणिताकडे वळवणारा कोण, तर सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणारा रोनाल्ड रॉस.

हत्तीरोगाचा मान त्याहून जुना. डास रोगाचा कृमी बाळगतो हे सर्वांत आधी दिसलं ते याच रोगात, १८७७ मध्ये, चीनमध्ये, पॅट्रिक मॅन्सनला. इतका जुना शोध आणि रोग अजून इथेच!

दहिवर

मला साधा प्रश्न पडलाय. गोळ्यांपेक्षा डासच मारले तर? गटारं झाका, सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी लावा. डेंग्यूलाही उपयोग.

उणेपुरे

डेंग्यूचा डास वेगळा, त्याला साफ पाणी लागतं. पण प्रश्न रास्त आहे.

या रोगाचा प्रसार फार अकार्यक्षम असतो. कृमी डासाच्या पोटात वाढतो पण त्याची संख्या वाढत नाही. अंगात गेलेल्या एका अळीचा फार तर एकच मोठा कृमी होतो. रंगूनमध्ये १९६८ साली केलेल्या अभ्यासात अंदाज निघाला होता की एका माणसाच्या रक्तात नव्याने पिल्लं दिसायला सरासरी साधारण १५,५०० संसर्गी डासांचे दंश लागतात. म्हणजे डास अर्धे केले तरी परिणाम होतो. मॉडेल्स हेच सांगतात की गोळ्यांच्या जोडीला डासनियंत्रण असेल तर फेऱ्या कमी लागतात आणि रोग परत उलटण्याचा धोका घटतो. पुदुच्चेरीत १९८१ ते ८५ डासनियंत्रणाचा प्रयोग झाला. पण गटारांचा खर्च आरोग्य खात्याचा नसतो, नगरपालिकेचा असतो. समीकरणात दोन्ही एकाच ओळीत बसतात, कचेरीत बसत नाहीत.

दहिवर

शेवटचं वाक्य आमच्या वॉर्डाच्या बोर्डावर लावायला हवं. :)

संख्याशास्त्र_झिंदाबाद

उणेपुरेंच्या लेखात एक महत्त्वाची गोष्ट सुटलीय, ती भरतो. रोग शून्यावर आणावा लागतो का? नाही. कृमींमध्ये नर-मादी वेगळे असतात आणि दोघं एकाच माणसाच्या अंगात असायला हवेत. कृमी विरळ झाले की जोड्या जमत नाहीत. १९६५ मध्ये मॅकडोनल्ड या संशोधकाने शिस्टोसोमा या दुसऱ्या एका कृमीच्या संदर्भात हे मांडलं: एका मर्यादेखाली गेलं की रोग आपोआप विझतो. ती मर्यादा गाठली की गोळ्या थांबवता येतात.

गंमत अशी की ही मर्यादा डासागणिक बदलते. अ‍ॅनोफेलीस (हिवतापाचा डास) असेल तर रक्तात कृमी थोडे असताना डासात फारसे तगतच नाहीत, म्हणून तिथे मर्यादा गाठणं सोपं. क्युलेक्समध्ये उलट. रक्तात थोडेसे असले तरी त्यांतला बऱ्यापैकी हिस्सा तगतो. आपल्याकडे क्युलेक्स. म्हणजे आपल्याला जास्त खोलवर जावं लागणार.

प्रत्यक्षात थांबायचं कधी हे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रक्ततपासणीवर ठरतं. ही मुलं मोहीम सुरू झाल्यावर जन्मलेली, त्यांच्यात संसर्ग दिसला तर तो ताजा. आपल्या डासासाठी मर्यादा २ टक्के बाधित मुलांची. पण अमेरिकन सामोआ बघा. २०११ मध्ये पास, २०१५ मध्ये पास, २०१६ मध्ये नापास. मुलांच्या सरासरीत काही दिसत नव्हतं तेव्हा मोठ्या माणसांत आणि ठरावीक वाड्या-वस्त्यांत रोग जिवंत होता. सरासरीने घात केला.

खडूस काका

म्हणजे परीक्षा पोरांची आणि रोग बापांना! वा.

संख्याशास्त्र_झिंदाबाद

काका, नेमकं. म्हणूनच तीन औषधांच्या पद्धतीत थांबण्याआधीची तपासणी २० वर्षांवरच्यांची ठेवलीय.

ऑरेंज_सिटी

तीन औषधांचं निघालंच आहे म्हणून. हे काय आहे ते कुणी सविस्तर सांगेल का राजेहो? आमच्या नागपूर जिल्ह्यात देशातल्या पहिल्या पाचांत ते आलं होतं एवढं आठवते, २०१९ च्या सुरुवातीला.

उणेपुरे

बरोबर. अरवल, सिमडेगा, नागपूर, वाराणसी आणि यादगीर हे ते पाच जिल्हे. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन. उंचीची काठी त्याच्यासाठीच, कारण त्याचा डोस उंचीवर ठरतो. ९० सेंटिमीटरच्या खालच्या मुलांना ते देत नाहीत.

पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत, २०१८ साली निष्कर्ष छापून आले, तिन्ही औषधं एकदाच दिलेल्या लोकांपैकी ९६ टक्के लोकांचं रक्त वर्षभराने पिल्लांपासून साफ होतं. दोन औषधांच्या एका डोसानंतर हेच प्रमाण ३२ टक्के. मादी कृमी मरत नसली तरी बराच काळ वांझ होते असं दिसतं. हे आकडे मॉडेलमध्ये घातले की फेऱ्यांची गरज धाडकन खाली येते. पाचाच्या जागी किमान दोन फेऱ्यांची शिफारस याच आधारावर आहे. आफ्रिकेत हे सगळीकडे जमत नाही. नदीअंधत्व असलेल्यांना डीईसीने डोळ्यांना इजा होऊ शकते आणि रक्तात लोआ लोआचे कृमी भरपूर असले तर आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे हे दोन्ही रोग नाहीत, हे आपलं नशीब.

पण २०१७ च्या मॉडेलिंगमध्येच स्पष्ट आहे की हा फायदा मिळतो तो गोळ्या पुरेशा लोकांच्या पोटात गेल्या आणि तेच तेच लोक सुटले नाहीत तरच. न गिळलेल्या तीन गोळ्यांचा परिणाम न गिळलेल्या दोन गोळ्यांइतकाच.

ऑरेंज_सिटी

मग आमच्याकडचं ऐका. आमच्या सोसायटीत चाळीस-एक फ्लॅट. ताई आल्या की वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, वरून आवाज येतो 'नको', संपला विषय. त्या बिचाऱ्या गेटावरून परत. आणि तो वॉचमन स्वतः? रात्रपाळीवाला तर दुपारी झोपलेला असतो, त्याला कुणी विचारतच नाही. रात्रभर गटाराच्या कडेला खुर्ची टाकून बसतो तो. डास सगळ्यात जास्त त्यालेच चावत असतील.

संख्याशास्त्र_झिंदाबाद

ऑरेंज_सिटी, तुम्ही न कळत मॉडेलमधला सर्वांत अवघड भाग सांगितलात. दोन विषमता असतात. एक, काही जणांना डास फार चावतात, बाकीच्यांना कमी. दुसरी, काही जणांपर्यंत गोळी पोचते, काहींपर्यंत नाही. या दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर निभावतं. पण ज्याला डास जास्त तोच गोळीतून सुटलेला, असं असेल तर ६५ काय, ८० टक्क्यांनीही भागणार नाही. वीटभट्टीवाले, रात्रपाळीवाले, हंगामी मजूर. बऱ्याच मॉडेल्समध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतात, कारण एकत्र मोजलेले आकडे फारसे नसतात.

कोथिंबीर_जुडी

मिठात घालता येत नाही का औषध? आयोडीन घालतात तसं?

उणेपुरे

येतं. डीईसीचं मीठ. चीनने ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि २००७ मध्ये तिथून हत्तीरोग गेल्याचं मान्य झालं. आपल्याकडेही लक्षद्वीप आणि कराईकलला प्रयोग झाले आहेत. गणिताच्या नजरेने हा सर्वांत देखणा उपाय, कारण 'कधीच न घेणारा' हा गटच शिल्लक राहत नाही. आळशी, तापट, मास्तर, मॅनेजर, सगळ्यांच्या आमटीत मीठ पडतंच.

अडचण दुकानात. शेजारी साधं मीठ मिळत असेल तर लोक ते घेतात, आणि महिनोन्‌महिने एका जिल्ह्यात एकच मीठ विकायचं तर पुरवठ्यावर करडा ताबा हवा. बेटावर जमतं. नागपूरच्या इतवारी बाजारात जमेल असं मला वाटत नाही.

खडूस काका

न सांगता औषध पोटात घालणं मला पटत नाही. मीठ असो की काही असो. सरळ विचारा, पटवा, नाही म्हणाला तर पुन्हा जा.

वैनगंगा

काका, पुन्हा जायला आम्ही तयार आहोत. पण कुणाकडे जायचं हे तक्त्यात दिसत नाही. दर फेरीला कोरा तक्ता येतो. यंदा किती खाल्ल्या, किती राहिल्या. राहिलेल्यांत मागच्या वर्षी राहिलेला कोण, त्याला रकानाच नाही. घर आशाला माहीत असतं, पण आशा बदलली की माहितीही गेली. ८५ टक्के झाले की वरून शाबासकी येते आणि पुढचा विषय. उरलेल्या १५ मध्ये कोण आहे हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

उणेपुरे

एकच प्रश्न वाढवला तरी पुरे: 'आजवर कधीतरी ही गोळी घेतली आहे का?' हो किंवा नाही. त्यावरून तो परस्परसंबंधाचा आकडा बऱ्यापैकी काढता येतो आणि मॉडेलवाल्यांना अंदाजपंचे दाहोदरसे करावं लागत नाही. मोहिमेनंतरच्या नमुना पाहणीत काही ठिकाणी हे विचारतात, पण ते मोजक्या घरांपुरतं. घरोघरच्या तक्त्यात असायला हवं.

संख्याशास्त्र_झिंदाबाद

+१. आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची रात्रीची रक्ततपासणी आधी करा. यादृच्छिक नमुना घेऊन हजारो लोकांना टोचण्यापेक्षा तिथे रोग सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

वैनगंगा

रात्रीचं रक्त म्हणजे साडेआठच्या पुढे. गोळीला नाही म्हणणारा माणूस रात्री दहाला बोट पुढे करेल?

संख्याशास्त्र_झिंदाबाद

हा मुद्दा माझ्याकडे नव्हता. पट्टीवरची चाचणी दिवसा करता येते, दहा मिनिटांत निकाल. पण बोट पुढे करायलाच हवं, हे खरं.

वैनगंगा

आमच्या दोन ताईंनी मागच्या फेरीपासून स्वतःच्या वहीत लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केलीय. दोन्ही वर्षी 'नाही' म्हणणाऱ्या घरापुढे दोन खुणा. वरून कुणी सांगितलेलं नाही.

उणेपुरे

ताई, त्या खुणांचे नुसते आकडे मिळतील का? नावं, गावं काही नको. किती घरांपुढे एक, किती घरांपुढे दोन, आणि एकूण घरं किती. बसल्या जागी हिशेब करून इथेच टाकतो.

वैनगंगा

वही त्यांची आहे, विचारून सांगते. पण लगेच नाही, सध्या कुष्ठरोगाचा सर्व्हे चालू आहे.